गणित घेऊ की बाजार?

(बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दादरला झालेल्या बैठकीतील भाषण. बोलीतला सूर तसाच ठेवला आहे.)

साथींनो, पालकहो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांनो. पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

बैठकीआधी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातली एक मी वाचून दाखवते, कारण आज मी तिच्यावरच बोलणार आहे. नाव नाही. ‘आपा, मला बारावीला गणितात ९१ आहेत. ॲप्लाइड मॅथ्स घेऊ की फायनान्शियल इंजिनिअरिंग? अब्बा म्हणतात फायनान्स म्हणजे व्याज, नको. मामू म्हणतात गणित घेतलंस तर जन्मभर ट्यूशन घेत बसशील. मला दोन्ही आवडतं.’

चार ओळींत या मुलीने सगळं मांडलंय. हरामची भीती, गरिबीची भीती, आणि शेवटी, जवळजवळ चोरून, स्वतःची आवड.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. फायनान्शियल इंजिनिअरिंग नावाची पदवी मुंबई विद्यापीठाच्या आपल्या आसपासच्या कॉलेजांत बारावीनंतर मिळत नाही. मिळतं ते बी.कॉम. फायनान्शियल मार्केट्स, ज्याला सगळे बीएफएम म्हणतात, किंवा बँकिंग अँड इन्शुरन्स, किंवा अकाउंटिंग अँड फायनान्स. हे चांगले अभ्यासक्रम आहेत, पण ते इंजिनिअरिंग नव्हेत. बाजार कसा चालतो, कोणते नियम आहेत, ताळेबंद कसा वाचायचा, हे तिथे शिकवतात. ज्याला जगात फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हणतात, म्हणजे धोक्याची किंमत काढणं, ते बहुतेक ठिकाणी एम.एस्सी.च्या पातळीवर शिकवतात आणि दारातच विचारतात, गणित किती झालंय? अमेरिकेत प्रिन्स्टनला हा विषय ज्या विभागात आहे त्याचं नावच ऑपरेशन्स रिसर्च अँड फायनान्शियल इंजिनिअरिंग असं आहे. उपयोजित गणित आणि हा विषय तिथे एकाच छपराखाली राहतात.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: आधी गणित शिकून मग बाजाराकडे जायचं, की आधी बाजारात शिरून गणित लागेल तेवढं उचलायचं?

मी उदाहरण आंब्याचं घेते, आपण कोकणातली माणसं. समजा क्रॉफर्ड मार्केटचा एक व्यापारी मार्चमध्ये रत्नागिरीच्या बागायतदाराला म्हणाला, मे महिन्यात शंभर पेट्या मला ठरलेल्या भावाने द्यायच्या, त्या हक्काचे हे पाच हजार रुपये आजच घे. मे महिन्यात भाव चढला तर मी पेट्या उचलीन. पडला तर नाही उचलणार, पाच हजार तुझे. याला आपण बयाणा म्हणू. शेअर बाजारात याचंच नाव ऑप्शन. आता प्रश्न: पाच हजारच का? तीन का नाही, आठ का नाही? दोघांनाही लुबाडल्यासारखं वाटणार नाही असा आकडा कोणता?

या प्रश्नाचं गणिती उत्तर १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी छापलं, रॉबर्ट मर्टन यांनी ते पुढे नेलं. त्या समीकरणात थोडी अदलाबदल केली की खाली उरतं उष्णतेचं समीकरण, जे फूरियेने लोखंडाच्या दांड्यातून उष्णता कशी पसरते हे सांगायला वापरलं होतं. त्याचं पुस्तक १८२२ चं. म्हणजे शेअर बाजाराच्या या शोधाचा गाभा त्याच्या दीडशे वर्षं आधी तयार होता आणि त्याचा पैशाशी काडीचा संबंध नव्हता.

हेच समीकरण लालबागच्या गिरण्यांतही होतं. माझे आजोबा कापड रंगवण्याच्या खात्यात होते. रंगाच्या टाकीत सूत बुडवलं की रंग धाग्याच्या बाहेरच्या अंगाला दाट बसतो, आतला भाग कोरा राहतो, मग हळूहळू तो आत शिरतो आणि फरक मिटत जातो. किती वेळ ठेवायचं हे आजोबा हाताने ओळखायचे. तेच वहीवर काढायला १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, ती आजची माटुंग्याची आयसीटी. तिथे विद्यार्थी रंगाचं पसरणं ज्या समीकरणाने शिकतात ते फूरियेचंच. ऑप्शनचंही असंच होतं. शेवटच्या दिवशी नफ्या-तोट्याच्या रेषेला ठरलेल्या भावापाशी एक टोकदार कोपरा असतो. त्या दिवसापासून मागे मागे येत जावं तसा तो कोपरा विरघळत जातो, रंगासारखा.

मुलीच्या मामूंना मी हे सांगेन. बाजाराच्या कोर्समध्ये तुला हे समीकरण ऑप्शनचं सूत्र म्हणून भेटेल. आकडे घाल, किंमत काढ, पुढच्या पानावर जा. गणितात ते समीकरण म्हणून भेटेल आणि मग तू ते कापडावर लाव, औषधाच्या गोळीवर लाव, नाहीतर बाजारावर लाव.

आता ट्यूशनची गोष्ट. गणित शिकून माणूस करतो काय? या प्रश्नाला मी नेहमी एकच उत्तर देते, कारण ते याच शहराचं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेग सापडला. तुमच्यापैकी कोणी बीआयटी चाळीत राहतं का? हात वर करा. तीन. चार. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्लेगनंतर १८९८ साली तो स्थापन झाला, त्याने गल्ल्या तोडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या, आणि आपण आज बसलोय ती दादर-माटुंग्याची आखणीही त्याचीच. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. परळलाच, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये आली. प्लेग पुढे वर्षानुवर्षं, हंगाम आला की परतायचा, आणि दर आठवड्याला मेलेल्यांची नोंद व्हायची. त्या नोंदींत आपलेही लोक आहेत. डोंगरीचे, नागपाड्याचे, भायखळ्याचे.

१९२७ साली स्कॉटलंडमधल्या दोघांनी, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी, साथीच्या गणितावर एक निबंध छापला. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होऊन गेलेले. केरमॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात आंधळे झालेले, गणित डोक्यातच करायचे. त्यांनी माणसांचे तीन गट केले: अजून लागण न झालेले, आजारी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. एका गटातून दुसऱ्या गटात माणसं किती वेगाने जातात याची समीकरणं मांडली. आणि हे खरंच लागू पडतं का हे बघायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटाचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ च्या प्लेगचे. त्यांच्या रेषेचं शिखर सतराव्या आठवड्याला येतं, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंवर. नोंदींचे ठिपके त्या रेषेवर चांगले बसले.

त्या निबंधातला निष्कर्ष लोकांना आजही पटकन पटत नाही. साथ थांबते ती सगळे आजारी पडून संपले म्हणून नाही. लागण होऊ शकेल अशी माणसं एका मर्यादेपेक्षा विरळ झाली की ती आपोआप ओसरते. म्हणजे सगळ्यांना वाचवायला सगळ्यांपर्यंत पोचावं लागतंच असं नाही, पण त्या मर्यादेपर्यंत पोचावं लागतं, आणि ती मर्यादा मोजता येते. लसीकरणाचं सगळं नियोजन यावर उभं आहे. मला त्या दोघांची आणखी एक गोष्ट आवडते. त्यांनी निबंधातच कबूल केलं की प्लेग हा मुळात उंदरांचा आजार, आपण माणसांच्या आकड्यांवरून अंदाज बांधतोय आणि बरंच काही सोपं करून घेतोय. आपलं गणित कुठे लंगडं आहे हे त्याच कागदावर लिहायचं, ही शिस्त चांगल्या गणिताच्या वर्गात लागते. बाजारात ती लागतेच असं नाही. ती का, त्याकडे येते.

२०२० मध्ये तुम्ही शाळेत होतात. त्या जुलैमध्ये महापालिका, नीती आयोग आणि कुलाब्याची टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. त्यातला एक एफ नॉर्थ, म्हणजे माटुंगा, वडाळा, शीव. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, इमारतींत १६ टक्के. शहर एकच, वॉर्डही तेच. टीआयएफआरमध्ये त्याच काळात लोकल गाड्या किती आणि कधी सुरू कराव्यात याचे हिशेब मांडले जात होते. हे हिशेब म्हणजे उपयोजित गणितच. ट्यूशन घेणं वाईट नाही हां, मी स्वतः घेतल्यात, आमच्या घरचा फ्रिज त्याच पैशांचा आहे. पण मामूंची यादी अपुरी आहे.

आता बाजार. दलाल स्ट्रीटवर शेअर दलालांची संघटना १८७५ ची, कापसाचा वायदा बाजार संघटित झाला तोही १८७५ लाच. आज तुम्हाला कॉल आणि पुट असे शब्द यूट्यूबवर ऐकू येतात. मुंबईच्या जुन्या बाजारात त्यांना तेजी आणि मंदी म्हणायचे. तेजी लावली म्हणजे घेण्याचा हक्क घेतला, मंदी लावली म्हणजे विकण्याचा. १९५६ च्या कायद्याने शेअरमधले असे सौदे बंद केले, १९९५ मध्ये ती बंदी उठली, जून २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे सुरू झाले आणि वर्षभरात ऑप्शन. जे काम काळबादेवीत तोंडी चालायचं ते संगणकावर आलं. गिरणगावात ज्या मटक्याने घरं बुडाली त्याचा आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावरून काढायचे. म्हणजे वायदा आणि जुगार यांचं शेजारपण या शहरात नवं नाही.

आंब्याच्या सौद्यात बागायतदाराला खरोखर काही मिळत होतं, भाव पडला तर हातात पाच हजार. निर्यातदाराला डॉलरचं असंच संरक्षण लागतं. पण दर आठवड्याला संपणारा निर्देशांकाचा ऑप्शन मोबाइलवर घेणारा बावीस वर्षांचा मुलगा कशाचं संरक्षण करतोय? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य लोकांपैकी ९३ जणांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये या लोकांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं उत्पन्न वर्षाला ५ लाखांच्या आत दाखवलं होतं. ते पैसे गेले कुठे? त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, खर्च वजा न करता. त्यातला ९६-९७ टक्के नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे तुमच्या माझ्यासारख्या गणितवाल्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधून.

इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. एम.एस्सी. झाल्यावर मी चार वर्षं लोअर परळला अशाच एका कंपनीत होते. इमारत गिरणीच्या जागेवरची. ऑप्शनच्या किमती आणि दिवसाचा धोका मोजणं हे माझं काम. हुशार माणसं, चांगला पगार, आणि गणित खरंच सुंदर. त्याच काळात नागपाड्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला माझा चुलत भाऊ टेलिग्रामवरच्या कोणा गुरूचं ऐकून दर गुरुवारी ऑप्शन घेत होता. बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे त्यात गेले. मी त्याचेच पैसे घेतले असं म्हणत नाही, या बाजारात समोरचा माणूस दिसत नाही. पण समोरच्या बाजूला कशी माणसं बसलेली असतात हे मला त्याच्यापेक्षा नक्की जास्त माहीत होतं. ईदला, लग्नाला, चाळिसाव्याला आम्ही भेटत होतो. त्याने दोनदा विचारलंही होतं, ‘आपा, तुझं काम हेच ना?’ मी विषय बदलला. कंपनीचे नियम होते हे खरं, पण ‘हे करू नकोस’ एवढं सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता.

नोकरी मी त्यामुळे सोडली असंही नाही. दुसरं मूल झालं आणि शिकवण्याची जागा मिळाली म्हणून सोडली. पण सोडता आली, ती हातात गणित होतं म्हणून. माझ्याबरोबर बाजाराचाच कोर्स करून आलेली एक मैत्रीण होती, माझ्यापेक्षा हुशार. तिलाही बाहेर पडायचं होतं. तिच्यासमोर होतं दुसरं ब्रोकिंग हाऊस, तिसरी बँक, चौथा फंड. मी गणित आधी म्हणते त्यामागे मुख्य कारण हे आहे. तेवीसाव्या वर्षी एखाद्या टेबलावर बसल्यावर तुला वाटलं की हे मला जमणार नाही, मन मानत नाही, तर तिथून उठून परळला टाटा हॉस्पिटलच्या संशोधनात, हवामान खात्यात, नाहीतर विम्याच्या कंपनीत जाता आलं पाहिजे. नाही म्हणायची सोय असलेली पदवी घे.

२०२५ च्या जुलैमध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर अंतरिम आदेश काढला, ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा. आरोप असा की सकाळी बँकांचे शेअर मोठ्या प्रमाणात घेऊन निर्देशांक वर ढकलायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलटा सौदा करायचा, आणि दुपारी शेअर विकून टाकायचे. कंपनीने आरोप नाकारले. न्याय व्हायचा तो होईल. पण हे प्रकरण समजायला, सेबीच्या बाजूने असो की कंपनीच्या, गणितच लागतं. पहारेकऱ्यालाही चोराइतकं गणित यावं लागतं. रिझर्व्ह बँक आपल्या सांख्यिकी विभागासाठी ग्रेड बी अधिकारी घेते ते गणित-सांख्यिकीचे पदव्युत्तर. किती मुस्लिम मुलं-मुली त्या परीक्षेला बसतात? मी आजवर शिकवलेल्यांपैकी दोन.

आता अब्बा. अब्बा चुकलेत असं मी म्हणणार नाही. मी आलिमा नाही आणि इथे फतवा द्यायला आलेली नाही. पण प्रश्न ‘फायनान्स म्हणजे व्याज’ इतक्या शब्दांत संपत नाही. जेद्दाच्या फिकह अकादमीने १९९२ मध्ये ऑप्शनचे सौदे नाजायज ठरवले. मोहम्मद हाशिम कमाली या अभ्यासकांनी २००० साली अख्खं पुस्तक लिहून वायदे आणि ऑप्शन जायज असू शकतात अशी बाजू मांडली. त्या वादात बयाण्याचा मुद्दाही येतो, ज्याला फिकहमध्ये उरबून म्हणतात. इमाम अहमद यांच्या मते तो चालतो, बाकीच्या तीन मजहबांत नाही. म्हणजे आपला आंब्याचा सौदा हजार वर्षांपूर्वीच वादात होता. आपल्याच दलाल स्ट्रीटवर २०१० पासून शरियतच्या कसोट्या लावून निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांक आहे. कर्ज किती, व्याजाचं उत्पन्न किती, धंदा कोणता, हे बघून कंपन्या गाळतात. त्या चाळण्या बरोबर आहेत की नुसती सोय, हेही ताळेबंद वाचता आल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि एक उलटा प्रकार मी दरवर्षी बघते. व्याज नको म्हणून मुलीला फायनान्स नको म्हणतात, आणि धाकट्या भावाला खासगी संस्थेत घालायला बँकेचं व्याजी कर्ज काढतात. घरात एकदा यावर बसून बोला. भांडू नका, बोला.

हिशेब हा आपल्या दीनच्या बाहेरचा विषय नाही. अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बगदादला अल-जब्र लिहिलं. बीजगणिताच्या त्या पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या उदाहरणांचा आहे. एक साधं उदाहरण घ्या. बाई वारली, मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याचा वाटा अर्धा, बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. बेरीज करा. सात षष्ठांश! एका मालमत्तेतून एकाहून जास्त वाटायची? हजरत उमर यांच्या काळापासूनचा तोडगा असा की सहाऐवजी सात हिस्से करायचे, तीन नवऱ्याला, चार बहिणींना. याला औल म्हणतात. सगळ्यांचं थोडं थोडं कमी झालं, पण प्रमाण तेच राहिलं. दुसराही मार्ग निघू शकला असता, आणि शिया फिकहमध्ये निघालाही. बेरीज एकापेक्षा जास्त येते हे गणित सांगतं. मग तोटा कोणी सोसायचा हे माणसं ठरवतात. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा का, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न, तोही याच जागी येतो. ॲप्लाइड मॅथ्स म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

(खाली कोणीतरी म्हणतंय की मॅडम, फी आणि ॲडमिशनचं सांगा. बरोबर आहे.)

सगळ्यात आधी अकरावीवाल्यांसाठी. कॉमर्सला गणिताऐवजी एसपी घेऊ नका. सोपं म्हणून मुली एसपी घेतात आणि गणित लागणारी दारं सोळाव्या वर्षी बंद करून टाकतात. कोणी सांगितलेलंही नसतं.

बी.एस्सी. गणित बऱ्याच जुन्या कॉलेजांत अनुदानित आहे. गिरगाव चौपाटीवर विल्सन, माटुंग्याला रुईया, माटुंगा रोडला रुपारेल, झेवियर्स. बीएफएम आणि तिची भावंडं सेल्फ फायनान्स, म्हणून फीमध्ये मोठा फरक पडतो. प्रवेशाआधी दोन्हींचे आकडे एकाच कागदावर लिहा. आता मेजर-मायनरची पद्धत आली आहे, तेव्हा गणित मेजर आणि अर्थशास्त्र, सांख्यिकी किंवा कॉमर्सचा विषय मायनर मिळतो का ते त्या त्या कॉलेजात विचारा. मिळत असेल तर चिठ्ठीतल्या मुलीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला. गणितातून पुढे एमबीए, सीएफए, ॲक्च्युअरीच्या परीक्षा, सगळीकडे जाता येतं. ॲक्च्युअरीची प्रवेश परीक्षा तर बारावीनंतरच देता येते. बाजाराच्या पदवीवरून गणिताच्या एम.एस्सी.ला मात्र सहसा घेत नाहीत. कोलकात्याची आयएसआय ही सांख्यिकीची मोठी संस्था, तिथे फी नावापुरती आणि वर विद्यावेतन. एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर मुंबई विद्यापीठातल्या कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलं, देशभर चालतं. तिथे चार आठवडे गेलेली मुलगी वेगळी होऊन परत येते, हे मी बघितलंय. पुढे संशोधन करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद फेलोशिप होती, ती २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे आता नेट-जेआरएफची तयारी आधीपासून धरावी लागेल.

आणि गणिताबद्दलही खरं सांगते. नुसती बी.एस्सी. गणित, मागच्या पाच वर्षांचे पेपर पाठ करून मिळवलेली, हिला बाजारात किंमत नाही. मग मामूंचं म्हणणं खरं ठरतं. पायथॉन शिका, सांख्यिकी मनापासून करा, आणि सिद्धता पाठ करू नका. वर्गात ‘का’ विचारायची लाज वाटत असेल तर तिन्ही वर्षं फुकट जातील.

बाजाराचा कोर्स कोणी घ्यावा? ज्याला कंपन्या, बातम्या, हिशेबाच्या वह्या यांत खरंच रस आहे, सिद्धतेचा कंटाळा आहे, त्याने जरूर घ्यावा. ज्या घरात तीन वर्षांनी पगार आलाच पाहिजे, अब्बांची रिक्षा आहे, दोन धाकटी आहेत, तिथेही मी गणिताचा हट्ट धरत नाही. अशा घरातल्या मुलाला ‘आवड जप’ सांगणं सोपं असतं, पण त्याच्या घरी रेशन मी भरत नाही.

चुलत भावाचं राहिलं. दुकान आहे, चाललंय. सेबीने नंतर आठवड्याचे सौदे कमी केले, किमान सौदा १५ लाखांचा केला, त्यामुळे तो बाहेर पडला. माझ्यामुळे नाही. त्याची मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिचं गणित मी रविवारी घेते, फुकट. मामूंना सांगायला हरकत नाही.

चिठ्ठी लिहिणारी मुलगी कोण आहे ते मला माहीत नाही. हात वर करू नकोस. चहा झाल्यावर मी जिन्याजवळच्या टेबलावर बसणार आहे, कॉलेजांची माहितीपत्रकं तिथे आहेत. अब्बा आले असतील तर त्यांनाही घेऊन ये, उरबूनवर त्यांचं मत मला ऐकायचंय.